रोडमॅपची पहिली प्रत शोधा

वाचकाचं पत्र: मी हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत आर्किटेक्ट आहे. आमचा विमा क्षेत्रातला एक क्लायंट क्वांटम कॉम्प्युटिंगसाठी तीन वर्षांचं बजेट राखून ठेवायच्या विचारात आहे. एका पुरवठादाराने त्यांच्यापुढे आगाऊ पैसे भरायचं पॅकेज ठेवलंय. त्यात 'पुढच्या पिढीच्या मशिनवर प्राधान्याने वेळ' असं कलम आहे आणि ते मशिन कधी येणार याला आधार म्हणून फक्त रोडमॅपचं चित्र जोडलंय. मला एका पानाचं टिपण करायला सांगितलंय: या कंपन्या दिलेला शब्द पाळतात का? मी चार कंपन्यांच्या साइट पाहिल्या, चौघींचंही म्हणणं एकच, 'आम्ही टप्पे वेळेत गाठले.' सगळेच वेळेत असतील तर कामाचं मशिन अजून लांब का? आणि टिपणात लिहू काय?

उत्तर: नमस्कार. साइटवर जे लिहिलंय ते बहुतेक वेळा खोटं नसतं. तारखा बऱ्याच वेळा पाळल्या जातात. मेख अशी की तारखेसमोर जी वस्तू लिहिलेली होती, ती मधल्या काळात बदललेली असते. कधी मोजायचं माप बदलतं, कधी 'उपलब्ध करू'चं 'सादर केलं' होतं, कधी नाव तेच राहतं आणि आतलं यंत्र वेगळं असतं. आजच्या साइटवरचा रोडमॅप हा आजच्या सोयीने लिहिलेला असतो. म्हणून टिपणासाठी पहिलं काम हे करा: प्रत्येक कंपनीचा रोडमॅप पहिल्यांदा जसा छापला होता तशी प्रत मिळवा. इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशिनवर जुन्या पानांच्या तारखेसह नकला मिळतात. चित्राचा स्क्रीनशॉट आणि खालचा मजकूर, दोन्ही जतन करा. चित्रातला आकडा मोठा असतो, अटी मजकुरात असतात.

आयबीएमचं उदाहरण सविस्तर घेतो, कारण जुना रोडमॅप आणि प्रत्यक्ष काम यांची इतकी सलग नोंद फार थोड्या कंपन्यांची आहे. सप्टेंबर २०२० मध्ये त्यांनी जाहीर केलं: २०२१ मध्ये १२७ क्यूबिटची ईगल चिप (क्यूबिट म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरमधला माहितीचा मूळ घटक), २०२२ मध्ये ४३३ ची ऑस्प्रे, २०२३ मध्ये हजाराच्या वर, १,१२१ क्यूबिटची कॉन्डॉर. ईगल नोव्हेंबर २०२१ मध्ये आली, ऑस्प्रे नोव्हेंबर २०२२ मध्ये, कॉन्डॉर डिसेंबर २०२३ मध्ये. तिन्ही वर्षं, तिन्ही आकडे जसेच्या तसे. या क्षेत्रात हे दुर्मीळ आहे आणि त्याचं श्रेय टिपणात मोकळेपणाने द्या.

आता कॉन्डॉर जरा जवळून पाहा. ज्या कार्यक्रमात ती दाखवली, त्याच कार्यक्रमात १३३ क्यूबिटची हेरॉनही आली आणि कंपनीने पुढची सगळी भिस्त हेरॉनवर ठेवली. कॉन्डॉरची कामगिरी साधारण ऑस्प्रेइतकीच असल्याचं कंपनीनेच सांगितलं होतं. म्हणजे क्यूबिट अडीचपटीहून जास्त, पण उपयोग तेवढाच. ग्राहकांना क्लाउडवर जे हाती लागलं ते हेरॉन, पुढे तिचीच १५६ क्यूबिटची आवृत्ती. याला कारण साधं आहे. प्रत्येक दोन-क्यूबिटी गेटला, म्हणजे दोन क्यूबिटवर एकत्र केलेल्या क्रियेला, चुकीची काही शक्यता असते. ती कमी झाल्याशिवाय क्यूबिट वाढवले, तर गणित लांबण्याआधीच उत्तर गोंगाटात बुडतं. अतिशय थंड ठेवाव्या लागणाऱ्या यंत्रात हजारावर क्यूबिटच्या तारा नेता येतात, चिप बनवता येते, हे कॉन्डॉरने दाखवलं. अभियांत्रिकी म्हणून ते मोलाचं आहे. तुमच्या क्लायंटच्या गणिताला मात्र त्याचा काही उपयोग नव्हता.

मे २०२२ मध्ये हाच रोडमॅप पुढे वाढवला गेला. त्यात २०२४ साठी १,३८६ क्यूबिटची फ्लेमिंगो आणि २०२५ साठी ४,१५८ क्यूबिटची कूकाबरा होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्लेमिंगो या नावाखाली दोन हेरॉन चिप केबलने जोडून दाखवल्या. त्या जोडावरच्या गेटमध्ये चुकीचं प्रमाण सुमारे ३.५ टक्के होतं. आणि कूकाबरा? जून २०२५ च्या रोडमॅपमध्ये ती २०२६ वर गेली. ४,१५८ हा आकडा गेला आणि तिथे नवं वर्णन आलं: त्रुटी-दुरुस्त स्मृती आणि तार्किक गणिताचा भाग एकत्र असलेलं पहिलं मॉड्यूल. नाव तेच, काम पूर्ण वेगळं.

आमच्या मते हा बदल योग्यच होता. मार्च २०२४ मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी 'नेचर'मध्ये त्रुटी-दुरुस्तीचा असा कोड मांडला की ज्यात २८८ भौतिक क्यूबिटमध्ये १२ तार्किक क्यूबिट (अनेक भौतिक क्यूबिट मिळून चुकांपासून जपलेले) बसतात, म्हणजे एकामागे २४. तेवढ्याच संरक्षणासाठी सरफेस कोड या जुन्या पद्धतीला सुमारे तीन हजार भौतिक क्यूबिट लागले असते. इतका फरक हाती लागल्यावर जुन्या नकाशाला चिकटून चार हजार क्यूबिट जुळवत बसणं चुकीचं ठरलं असतं. पण हा कोड चालवायला प्रत्येक क्यूबिट सहा शेजाऱ्यांशी जोडावा लागतो, त्यातले काही लांबचे. म्हणजे नवं वायरिंग, नवे थर, नवी चिप. नोव्हेंबर २०२५ मध्ये दाखवलेली लून ही चिप म्हणजे त्याच जोडणीची चाचणी आहे. थोडक्यात, दिशा बदलली म्हणून आम्ही कंपनीला दोष देणार नाही. दिशा बदलली हे न सांगता 'सगळे टप्पे गाठले' असं छापलं जातं तिथे आमचा आक्षेप आहे. तुमच्यासारख्या माणसाला त्या वाक्यावरून पैशांचा निर्णय करायचा असतो.

माप बदलण्याचं उदाहरण हवं असेल तर आयॉनक्यू ही कंपनी पाहा. डिसेंबर २०२० मध्ये त्यांनी 'अल्गोरिदमिक क्यूबिट' हे माप पुढे आणलं आणि वर्षवार आकडे दिले: २०२३ मध्ये २९, २०२४ मध्ये ३५, २०२५ मध्ये ६४, २०२६ मध्ये २५६, २०२८ मध्ये १,०२४. पहिले तीन आकडे वेळेत किंवा वेळेआधी आले; ६४ चा आकडा सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झाला. पण २०२० ची व्याख्या अशी होती की त्रुटी-दुरुस्ती नसेल तेव्हा हे माप म्हणजे क्वांटम व्हॉल्यूमचा (हे माप पुढच्या परिच्छेदात सांगितलंय) २ च्या पायावरचा लॉगरिदम. २०२२ मध्ये व्याख्या बदलली: ठरावीक अल्गोरिदमांचा संच चालवायचा आणि किती रुंदीपर्यंत तो पास होतो ते पाहायचं, वर उत्तरं साफ करायच्या तंत्रांनाही मुभा. क्वांटिन्यूअम या प्रतिस्पर्धी कंपनीने या मापावर जाहीर आक्षेप घेतला. प्रतिस्पर्ध्याचा आक्षेप म्हणून त्यातलं थोडं वजा करा, पण मुद्दा उरतोच: २०२० चा ६४ आणि २०२५ चा ६४ एकाच तराजूत तोललेले नाहीत.

आता ज्यांनी माप न बदलता शब्द पाळला, त्यांच्याबद्दल. मार्च २०२० मध्ये हनीवेलने सांगितलं की तीन महिन्यांत क्वांटम व्हॉल्यूम ६४ असलेलं मशिन देऊ आणि पुढची पाच वर्षं दरवर्षी हा आकडा दहापट करू. (या मापात जितके क्यूबिट तितकेच थर असलेली यादृच्छिक सर्किट, म्हणजे गेट्सच्या मालिका, चालवतात. अपेक्षित उत्तरं दोन-तृतीयांशाहून जास्त वेळा आली तर पास. २० क्यूबिटला पास झालं तर आकडा २ चा विसावा घात.) जून २०२० मध्ये ६४ गाठलं. ६४ ला पाच वेळा दहाने गुणलं की ६४ लाख होतात. हनीवेलचा तो विभाग पुढे क्वांटिन्यूअममध्ये गेला आणि मे २०२५ मध्ये त्यांनी ८३,८८,६०८ जाहीर केलं. वाट सरळ नव्हती, २०२२ मध्ये गती मागे पडली होती. पण एकक तेच, मुदत तीच आणि आकडा वर. तुमच्या टिपणात 'पाळलं' असा स्वच्छ शेरा मारता येईल अशी ही ओळ आहे. सोबत एवढंही लिहा की हे माप छोट्या, चौकोनी सर्किटचं आहे. त्यावरून विम्याचं जोखीम-गणित चालेल असा अर्थ निघत नाही.

चुकलेल्या वचनांवर जास्त वेळ घालवू नका, ती सहज सापडतात. रिगेटी या कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये बारा महिन्यांत १२८ क्यूबिटचं मशिन करू म्हटलं. ते झालं नाही. पुढे शेअर बाजारात येताना २०२३ साठी ३३६ क्यूबिटचा आकडा दिला, तोही आला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांची अंका-३ आली ती ८४ क्यूबिटची, पण दोन-क्यूबिटी गेटची अचूकता ९९.५ टक्के घेऊन, आणि आमच्या लेखी ही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. डी-वेव्ह या कंपनीने २०२१ मध्ये आपल्या अॅडव्हान्टेज२ मशिनबद्दल सांगितलं होतं: सात हजारांवर क्यूबिट, २०२३-२४ मध्ये. मे २०२५ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं तेव्हा क्यूबिट ४,४०० च्या वर होते. मायक्रोसॉफ्टकडून २०१८ मध्ये 'पाच वर्षांत व्यावसायिक क्वांटम कॉम्प्युटर' असं ऐकू आलं. त्या वाटेचा मोठा आधार असलेला, मायोराना या कणाच्या खुणा दिसल्याचं सांगणारा 'नेचर'मधला शोधनिबंध मार्च २०२१ मध्ये मागे घेतला गेला. इथे उशीर कारखान्याचा नव्हता, मुळातलं भौतिकशास्त्रच सिद्ध व्हायचं होतं. हा फरक टिपणात ठेवा. चिप जोडायला उशीर झाला तर सहा महिने, वर्ष जातं. कण दिसलाच नसेल तर किती वर्षं जातील ते कुणालाच सांगता येत नाही.

गूगलची पद्धत वेगळी. मार्च २०१८ मध्ये ७२ क्यूबिटची ब्रिसलकोन दाखवून तिच्यावर 'क्वांटम सुप्रीमसी' (नेहमीच्या कॉम्प्युटरला न झेपणारं गणित करून दाखवणं) साधता येईल अशी आशा व्यक्त झाली. ऑक्टोबर २०१९ मध्ये प्रत्यक्ष निकाल आला तो ५३ क्यूबिटच्या सिकमोरवर. त्यानंतरचा त्यांचा रोडमॅप सहा टप्प्यांचा आहे आणि त्यात वर्षांपेक्षा 'काय सिद्ध करायचं' यावर भर आहे. डिसेंबर २०२४ मध्ये १०५ क्यूबिटच्या विलो चिपवर त्यांनी दाखवलं की त्रुटी-दुरुस्तीच्या कोडचा आकार एक पायरी वाढवला की तार्किक चूक सुमारे २.१४ पट घटते. असा टप्पा तपासायला सोपा असतो, कारण आकडा शोधनिबंधात असतो आणि इतर तज्ज्ञांनी तो पाहिलेला असतो.

आता तुमचा तक्ता. दर वचनाला एक ओळ आणि सहा रकाने: वचन पहिल्यांदा कधी दिलं, मूळ शब्द जसेच्या तसे, एकक, क्रियापद, प्रत्यक्ष काय आलं व कधी, आणि पुरावा कसला. क्रियापदाचा रकाना कुणी करत नाही, आणि नेमका तोच सगळ्यात जास्त सांगतो. 'सादर केलं', 'प्रयोगशाळेत दाखवलं', 'निवडक भागीदारांना दिलं', 'क्लाउडवर खुलं केलं' या चार वेगळ्या पायऱ्या आहेत आणि तुमच्या क्लायंटला चौथीच उपयोगाची. पुराव्याचीही प्रतवारी असते: प्रसिद्धीपत्रक सगळ्यात हलकं, त्यावर कंपनीने स्वतः टाकलेली, अजून तज्ज्ञांनी न तपासलेली प्रीप्रिंट, त्यावर तपासून छापलेला शोधनिबंध, आणि सगळ्यात वर तुम्ही स्वतः मशिनवर चालवून पाहिलेलं सर्किट. शिवाय एक ओळ हटवलेल्या टप्प्यांसाठी ठेवा. जुन्या प्रतीत आहे आणि नव्यात नाही, असं जे जे दिसेल ते तिथे.

आकड्याचा अंदाज घ्यायला एक गुणाकार पुरतो: गेट्सची संख्या गुणिले एका गेटच्या चुकीची शक्यता. उत्तर १ च्या आसपास असेल तर सर्किटच्या सुमारे एक-तृतीयांश धावा (धाव म्हणजे सर्किट एकदा चालवणं) निर्दोष निघतात. चूक ०.३ टक्के आणि गेट्स ५,०००, म्हणजे गुणाकार १५. एकही चूक न होता धाव पुरी व्हायची शक्यता कोटीत तीन. चूक ०.०८ टक्क्यांवर आली तर गुणाकार ४ आणि शक्यता शंभरात जवळपास दोन. मग आयबीएमने नोव्हेंबर २०२४ मध्ये हेरॉनवर ५,००० गेट्सची सर्किट चालवल्याचं सांगितलं ते कसं? तिथे हजारो गढूळ धावांवरून एखाद्या राशीची सरासरी सावरून काढतात, त्याला एरर मिटिगेशन म्हणतात. दावा खराच आहे. पण ज्या प्रश्नाला एकच नेमकं उत्तर हवं, त्याला ही युक्ती लागू पडत नाही, आणि सर्किट मोठं होत गेलं की लागणाऱ्या धावा घातांकाने वाढतात. तुमच्या क्लायंटचा प्रश्न यातला कुठला, हे आधी विचारा.

स्वतः तपासायचं असेल तर पैसे भरायच्या आधी हे करून बघा. आयबीएमच्या मोफत योजनेत दर २८ दिवसांना मशिनवरची १० मिनिटं मिळतात, छोट्या चाचणीला पुरतात. वीस क्यूबिट घ्या. क्लिफर्ड गेट्सचे (ज्यांचं उत्तर साध्या कॉम्प्युटरवरही काढता येतं अशा गेट्सचे) काही थर चालवा, मध्ये यादृच्छिक पाउली गेट्सचा (एकेका क्यूबिटवरच्या साध्या उलटापालटीचा) एक थर टाका, मग तेच थर उलट क्रमाने व्यस्त करून चालवा. शेवटी कोणती बिट-माळ यायला हवी हे आधीच कळलेलं असतं. ४,००० धावांत ती किती वेळा येते ते मोजा. थर ०, ५, १०, २०, ४० असे वाढवत न्या. शून्य थराची चाचणी गाळू नका: वाचनाची चूक क्यूबिटमागे १ टक्का असली तरी वीस क्यूबिटमध्ये मिळून अठरा टक्के धावा तिथेच खराब होतात, आणि ते खापर गेट्सवर फुटतं.

यात हमखास चूक होते ती ट्रान्सपायलरमुळे, म्हणजे सर्किट मशिनला चालेल अशा रूपात बदलून आटोपशीर करणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे. पुढचा भाग आणि त्याचा व्यस्त शेजारी दिसले की तो दोन्ही खोडून टाकतो. सर्किट रिकामं होतं आणि तुम्हाला सुंदर आकडे दिसतात. दर दोन थरांमध्ये बॅरिअर (इथे काही खोडू नको असं सांगणारी खूण) घाला आणि पाठवण्याआधी दोन-क्यूबिटी गेट्स खरोखर किती उरली ते मोजून पाहा. मधला पाउली थरही याचसाठी आहे की एका दिशेची पद्धतशीर चूक परतीच्या वाटेवर आपोआप फिटून जाऊ नये. चाचणी तीन वेगवेगळ्या दिवशी करा, त्या त्या दिवसाचे कॅलिब्रेशनचे आकडे उतरवून ठेवा, रांगेत किती वेळ गेला तेही लिहा. एकाच मशिनचे सोमवारचे आणि गुरुवारचे आकडे पाहिलेत की 'सर्वोत्तम जोडीची अचूकता' आणि 'मधल्या जोडीची अचूकता' यांतलं अंतर डोळ्यांना दिसेल. जाहिरातीत बहुधा पहिली असते.

पॅकेजबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: आज क्लाउडवर नसलेल्या मशिनसाठी आगाऊ पैसे भरू नका. पुरवठादार अडून बसला तर कलमातले शब्द बदलून घ्या. 'पुढच्या पिढीचं मशिन' याऐवजी लिहा: अमुक तारखेपर्यंत आमच्या खात्यातून क्लाउडवर वापरता येणारं, किमान इतके क्यूबिट, दोन-क्यूबिटी चुकीचा मध्यक इतक्याखाली, आणि आमची ठरलेली चाचणी इतक्या थरांपर्यंत इतक्या यशाने पार करणारं. हे न झाल्यास उरलेली रक्कम परत. मशिनचं नाव करारात मापदंड म्हणून अजिबात लिहू नका. कूकाबराचं काय झालं ते वर पाहिलंच. पुरवठादार हे कलम मान्य करत नसेल, तर त्याचा स्वतःचा रोडमॅपवर किती भरवसा आहे ते तुम्हाला कळलं.

क्लायंटने पैसा राखून ठेवायचाच असेल तर त्यातला मोठा भाग एन्क्रिप्शन बदलण्याकडे वळवायला सांगा. इथे रोडमॅपची वाट पाहायची गरजच नाही. आज सर्रास वापरात असलेलं आरएसए-२०४८ एन्क्रिप्शन फोडायला दोन कोटी क्यूबिट लागतील असा २०१९ चा अंदाज होता; त्याच संशोधकांपैकी एकाचा मे २०२५ चा अंदाज दहा लाखांच्या आत आहे. यंत्रं हळूहळू वर चढताहेत आणि पल्ला आपणहून खाली येतोय. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटम कॉम्प्युटरपुढे टिकणाऱ्या एन्क्रिप्शनची नवी प्रमाणं जाहीर केलीत. विम्याच्या पॉलिसीचे कागद तीस-तीस वर्षं गुप्त राहायला हवेत, त्यामुळे हे काम आजचं आहे.

साहेब भारताबद्दल विचारतीलच. १९ एप्रिल २०२३ ला मंजूर झालेल्या ६,००३.६५ कोटींच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनचे टप्पे असे: तीन वर्षांत २० ते ५० क्यूबिट, पाच वर्षांत ५० ते १००, आठ वर्षांत ५० ते १,०००. मुंबईच्या टीआयएफआरने (टाटा मूलभूत संशोधन संस्था) पुण्याच्या डीआरडीओ प्रयोगशाळेसह आणि टीसीएससह सहा क्यूबिटचा प्रोसेसर २०२४ मध्ये तपासून पूर्ण केला. बंगळुरूच्या क्यूपीआय-एआय या कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये २५ क्यूबिटचं मशिन जाहीर केलं. या ओळींनाही तेच सहा रकाने लावा. आकडे क्यूबिटचे आहेत, चुकीच्या प्रमाणाचा रकाना तुम्हाला वेगळा शोधून भरावा लागेल.

टिपण एका पानाचं आहे तेव्हा चार ओळी पुरेत: कॉन्डॉर, हनीवेलची दहापट, आयॉनक्यूचा ६४ आणि कूकाबरा. खाली आयबीएमचे पुढचे टप्पे आजच्या शब्दांत उतरवून ठेवा: २०२७ मध्ये कॉकटू, दोन मॉड्यूल जोडलेली, २०२९ मध्ये स्टार्लिंग, २०० तार्किक क्यूबिट आणि १० कोटी गेट्स. समोर आजची तारीख घाला आणि शेवटचे दोन रकाने कोरे सोडा.